मकबऱ्याची बाग आणि तिचें पाणी

भोकर-नांदेडकडील प्रवासी वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथें थांबले कीं बिबीचा मकबरा पाहिल्यावांचून सहसा परतत नाहींत. परंतु दृष्टि घुमटावर खिळते, ताजमहालाशीं तुलना सुरू होते, आणि ज्या बागेंत तो घुमट उभा आहे ती पाहावयाची राहून जाते. वस्तुतः बागेवांचून या वास्तूचा अर्थच लागत नाहीं.

औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ सालीं निधन पावली. तिची ही समाधि १६६१ च्या सुमारास पुरी झाली. महाद्वारावरील लेखांत रचनाकार अताउल्ला व स्थापत्यविशारद हंसपतराय यांचीं नांवें आहेत.

आवाराची लांबी सुमारें ४५८ मीटर व रुंदी २७५ मीटर आहे. इराणांतून आलेल्या ‘चारबाग’ पद्धतीप्रमाणें, काटकोनांत मिळणाऱ्या मार्गांनीं त्याचे चार भाग पाडले आहेत. दक्षिणेस महाद्वार, उरलेल्या तीन बाजूंस मंडप, आणि मध्यभागीं उंच चौथऱ्यावर समाधि. ताजमहाल बागेच्या टोकाशीं, यमुनेच्या कांठीं आहे; येथें मात्र, दिल्लींतील हुमायूनच्या कबरीप्रमाणें, वास्तु बागेच्या केंद्रस्थानीं आहे. केवळ ‘ताजची नक्कल’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानांत हा भेद येत नाहीं.

महाद्वारापासून समाधीकडे जाणाऱ्या मार्गाच्या मध्यावर लांबट हौद व कारंजीं आहेत. हौदाच्या स्थिर पाण्यांत घुमटाचें प्रतिबिंब पडावें, कारंज्यांनीं उष्मा शमावा आणि पाटांनीं झाडें जगावींत, अशी चारबागेची त्रिविध योजना असते. वाटा वाफ्यांहून उंच ठेवीत, म्हणजे पाणी उतारानें आपोआप मुळांशीं जाई.

अवर्षणाच्या या प्रदेशांत इतकें पाणी खेळविणें शक्य झालें तें नहरींच्या विद्येमुळें. १६१० मध्यें खडकी, म्हणजे हेंच नगर, वसविणाऱ्या मलिक अंबरानें डोंगराच्या पायथ्याशीं मुरलेलें पाणी भूमिगत मार्गानें, केवळ उतारावर, शहरांत आणलें. हवा व सफाई यांसाठीं जागोजाग विवरें ठेविलीं. पुढें अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचें पाणी सुमारें ६ किलोमीटरांवरून मातीच्या नळांनीं येई, व त्याच्या जोरावर जातें फिरे.

शहर वाढलें तसतशीं नहरींच्या मार्गांवर बांधकामें उठलीं, विवरें बुजलीं, आणि अनेक नहरी निकामी झाल्या. घुमटाची डागडुजी गवंडी करूं शकतो. परंतु हौद कोरडा पडला तर चारबाग ही नुसती चौकोनी जमीन उरते. म्हणून या उद्यानाचें रक्षण त्याच्या तटाशीं संपत नाहीं; तें डोंगरापासून, पाणी जेथें मुरतें तेथूनच, आरंभिलें पाहिजे. ही शिकवण एका शहरापुरती नाहीं. मराठवाड्यांतील प्रत्येक गांवास ती उपयोगी आहे.