बाहेरील हार्ड डिस्कची मांडणी

संगणकांतील कागदपत्रें आणि छायाचित्रें वाढत गेलीं म्हणजे आंतली जागा अपुरी पडूं लागते, आणि मग घरांत बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क येते. पुष्कळदां ती वापरण्याजोगी तयार होऊनच येते. परंतु कांहीं वेळां ती जोडूनहि संगणकाच्या यादींत दिसत नाहीं. अशा वेळीं ती बिघडली असें ठरविण्यापूर्वीं तिची मांडणी झाली आहे कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

उघड्या माळावर वस्ती करावयाची, तर आधीं मोजणी होऊन नकाशा तयार होतो, मग प्लॉट पडतात आणि शेवटीं घरांस क्रमांक मिळतात. डिस्कचेंहि तसेंच आहे. विंडोज संगणकांत या कामासाठीं डिस्क मॅनेजमेंट नांवाचें साधन असतें. स्टार्टच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबली असतां जी यादी उघडते, तींत तें सांपडतें. तेथें प्रत्येक डिस्क एकेका आडव्या पट्टीनें दाखविलेली असते.

कोरी डिस्क जोडली असतां प्रथम नकाशाचा प्रकार विचारला जातो: एमबीआर किंवा जीपीटी. एमबीआर ही १९८३ सालची पद्धति. तींत खणांची गणना ३२ बिटांनीं होते व खण सामान्यतः ५१२ बाइटांचा असतो. म्हणून सुमारें २.२ टेराबाइटांपलीकडील जागा तिच्या हिशेबांतच येत नाहीं. जीपीटीस ही अडचण नाहीं. शिवाय नकाशाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीं राखलेली असते. नव्या डिस्कसाठीं हीच पद्धति श्रेयस्कर.

यानंतर रिकाम्या पट्टीवर उजवी कळ दाबून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ निवडावें. विभागाचा आकार, त्याचें अक्षर आणि फाइलींची व्यवस्था हीं येथें ठरतात. केवळ विंडोजवर काम असेल तर एनटीएफएस उत्तम. मॅक संगणक तिच्यांतील मजकूर वाचतो, पण आपण होऊन तींत लिहीत नाहीं. म्हणून दोहोंकडे डिस्क न्यावयाची असल्यास एक्सफॅट घ्यावी. जुन्या फॅट ३२ मध्यें चार गिगाबाइटांहून मोठी फाइल मावत नाहीं.

एक टेराबाइटाची डिस्क ९३१ गिगाबाइट दाखविते, यांत दुकानदाराची लबाडी नसते. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो, विंडोज १०२४ च्या. एवढाच तो फरक.

खरा धोका निराळाच आहे. फॉरमॅट करणें म्हणजे जुनी अनुक्रमणिका पुसून टाकणें होय. शेजारची पट्टी चुकून निवडली गेली, तर भरलेली डिस्क क्षणांत रिकामी दिसूं लागते. म्हणून प्रत्येक आज्ञेपूर्वीं डिस्कचा क्रमांक व आकार ताडून पाहावा. दुसरी बाहेरील डिस्क जोडलेली असल्यास आधीं काढून ठेवावी. ज्या डिस्कवर पूर्वीं मजकूर होता, तिच्यासंबंधींच ‘फॉरमॅट करा’ अशी सूचना आली, तर ती मुळींच मानूं नये. तींत कांहीं नवें न लिहितां ती जाणत्याकडे न्यावी. मजकूर पुष्कळदां तसाच असतो, वाट तेवढी हरवलेली असते.

शिवाय डिस्क कितीहि चांगली असली तरी ती एक दिवस थकणारच. वडीलधाऱ्यांचीं व मुलांच्या बाळपणाचीं छायाचित्रें पुन्हां काढतां येत नाहींत. त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर असेल, तरच तीं सुरक्षित म्हणावयाचीं.