दुहेरी दिसलं म्हणजे डबल डाय नव्हे!

बीड, अंबाजोगाई, गेवराईकडच्या जुन्या पेट्यांत राणीच्या रुपयाशेजारी चारमिनारचा रुपया निघतो. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा आणि निजामाचं नाणंही वेगळं: हाली शिक्का. साधारण 7 हाली मोजले की 6 कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, मिळायचे.

असा रुपया भिंगाखाली धरला आणि अक्षरं जोडीनं दिसली, तरी लगेच हुरळू नका. खरी 'डबल डाय' चूक नाण्यावर नाही, ठशावर होते. यंत्राच्या टांकसाळीत मूळ नमुना पोलादी ठशावर एकाहून जास्त वेळा दाबत. दुसऱ्या दाबाला तो केसभर सरकला, की त्या ठशाचं प्रत्येक नाणं तीच जोड घेऊन बाहेर पडे. अमेरिकेत 1955 साली अशी वीसेक हजार सेंट नाणी बाजारात गेली. त्यातली बरीच तर सिगारेटच्या पाकिटासोबत सुट्टे म्हणून लोकांच्या हाती आली!

ओळखायचं कसं? अक्षराच्या टोकाशी खाच पडलीय आणि दोन्ही रेघा सारख्याच गोलसर उठावाच्या आहेत, तर आशा धरा. दुसरी रेघ सपाट, पायरीसारखी असेल तर नाणं पाडताना ठसा हलला एवढंच. त्याला जास्तीचा भाव नाही. त्याच सालच्या दुसऱ्या नाण्यावर नेमकी तीच जोड सापडली, तर शंकाच मिटली. हातोड्यानं पाडलेल्या जुन्या हाली रुपयांना मात्र हा शब्द लावूच नये. तिथं घाव दोनदा बसलेला असतो. आणि कृपा करून चिंच लावून घासू नका. खुणाही जातात, किंमतही.

डबल डाय नाही निघालं, तरी नाण्यावरच्या चारमिनारच्या दारात डोकवाच. 'मीम' अक्षर असेल तर निजाम महबूब अली खान, 'ऐन' असेल तर निजाम उस्मान अली खान. उस्मान अलींच्या सुरुवातीच्या नाण्यांवर 'ऐन' अर्धाच आहे, पुढे पूर्ण. जमवणारे दोन्ही शोधतात. शेजारचे 92 म्हणजे साल नव्हे. 'मुहम्मद' नावातल्या अक्षरांची ती बेरीज: 40, 8, 40, 4.

जाता जाता नाण्यांचीच आणखी एक गोष्ट. ज्याचा पडलेला दात बीडजवळ पुरून वर मजार बांधल्याचं सांगतात, तो दिल्लीचा बादशहा मुहम्मद तुघलकही नाण्यांचाच माणूस. 1329 च्या सुमारास त्यानं चांदीच्या टंक्याच्या मोलानं तांब्या-पितळेची नाणी चालवली. ठसे इतके सोपे होते की लोकांनी घरोघरी नाणी पाडली, आणि शेवटी बादशहानं ती परत घेऊन खजिन्यातून सोनं-चांदी मोजली.