वर्गातलं यंत्र (लेखांक ६) : बोलक्यांना आवर, अबोलांचं काय?

शाळेतल्या गटकार्याचा अनुभव बहुतेकांच्या गाठीशी सारखाच असतो. पाच जणांचा गट, एक तक्ता. अक्षर चांगलं असलेली मुलगी तक्ता लिहिते, मोठ्या आवाजाचा मुलगा तो वर्गापुढे वाचतो आणि उरलेले तिघे खाली नावं घालतात. गुण पाचांनाही सारखेच. बाईंना हे कळत नाही असं नाही. पण चाळीस मुलांचे आठ गट एकाच वेळी कलकलाट करत असतात. एका गटापाशी वाकलं की बाकीचे सात पाठीमागे जातात.

गेल्या आठवड्यात एकेकट्या मुलाला शिकवणारी ॲप्स पाहिली. गटाला हातभार लावणं यंत्राला त्याहून जड जातं. या प्रयत्नांतला एक देखणा नमुना म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल विद्यापीठातलं ‘रिफ्लेक्ट’ नावाचं टेबल. पिएर दिलेनबूर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं. दिसायला साधंच, पण पृष्ठभागाखाली रंगीत एलईडी दिवे आणि मधोमध मायक्रोफोन. आवाज कुठल्या बाजूने आला एवढंच ते ओळखतं आणि बोलणाऱ्यापुढचा रंग पसरत जातो. कोणी थांबायलाच तयार नसेल, तर त्याचा रंग शेजाऱ्याच्या पानात हात घालावा तसा पलीकडे सरकतो. काय बोललं गेलं, याच्याशी टेबलाला देणंघेणं नाही. किती, तेवढंच. याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणणं जरा कौतुकाचंच होईल.

चौघाचौघांच्या गटांना एका खुनाचं कोडं सोडवायला बसवून या टेबलाची परीक्षा घेतली गेली. २०१० साली निष्कर्ष छापून आले. फार बोलणारे आपला पसरलेला रंग पाहून आवरते झाले. गप्प बसणारे मात्र त्या प्रमाणात बोलते झाले नाहीत. अमेरिकेत एमआयटीमध्ये जोन डिमिको यांनी २००४ साली असाच प्रयोग पडद्यावर केला होता. तिथेही हेच दिसलं.

यात नवल वाटण्यासारखं खरं तर काही नाही. अबोल मुलापुढचा अंधारा कोपरा चौघांनाही दिसतो. आधीच संकोचलेल्या मुलाला त्याने धीर येईल की आणखी ओशाळल्यासारखं होईल?

कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या ‘आयसॅट’ संस्थेने ही अडचण ओळखलेली दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०२० साली दोन कोटी डॉलर देऊन ती उभी केली. तिथल्या ‘कोबी’ या साधनात आधी मुलं स्वतःच वर्गाचे करार ठरवतात : एकमेकांचा मान राखायचा, सगळ्यांना सामावून घ्यायचं, विचार पुढे न्यायचा. गटांचं बोलणं ऐकून कोबी या करारांच्या खुणा शोधतो आणि जे सापडतं ते अख्ख्या वर्गाचं म्हणून दाखवतो. कोणाचं नाव नाही, कोणाचा अंधारा कोपरा नाही.

तरीही गप्प मुलाने तोंड का उघडावं, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर यंत्रांच्या कितीतरी आधी सापडलं होतं. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि वर्गांत चांगलीच धुसफूस होती. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचेच तुकडे केले. पत्रकार जोसेफ पुलित्झर यांचं चरित्र सहा भागांत वाटलं, सहा मुलांना एकेक. परीक्षा मात्र संपूर्ण चरित्रावर. अ‍ॅरन्सन यांनी आपल्या लेखनात ज्याला कार्लोस म्हटलं आहे, त्या मुलाची इंग्रजी दुसरी भाषा. तो अडखळला तशी पोरं हसली. पण पुलित्झर यांच्या आयुष्याचा मधला काळ त्याच्याखेरीज कोणापाशीच नव्हता. मग पोरांनी चिडवणं सोडलं आणि त्याला नेमके प्रश्न विचारून माहिती काढून घ्यायला ती शिकली. या पद्धतीला ‘जिगसॉ’ म्हणतात. दिवे, पडदे यांना जे साधलं नाही ते कामाच्या वाटणीने साधलं.

आयसॅटने आता याच पद्धतीला जोडीदार दिला आहे. ‘जिया’ हा संवादी मदतनीस अशा जिगसॉ गटांसाठीच बेतलेला आहे. कल्पना सरस, गाडं अडतं ते कानांपाशी. माणसाचं बोलणं लिहून काढणारी यंत्रं शांत खोलीत, एका वेळी एकच जण बोलत असेल तर छान चालतात. वर्गात तिघं एकदम बोलतात, वाक्यं अर्धवट तुटतात, शेजारच्या गटातलं हसणं मध्येच घुसतं. त्यात भाषा दुसरी असेल, उच्चार वेगळे असतील, आवाज हळू असेल, तर नेमकी त्याच मुलाची वाक्यं यंत्राच्या हातून निसटण्याची शक्यता सर्वांत जास्त. आजचा कार्लोस मायक्रोफोनसमोर बसला, तर त्याचा पुलित्झर ऐकायला बाईंनाच त्याच्या बाकापाशी जाऊन वाकावं लागेल.