चंद्रावर गाडी कशी उतरविली?

विद्यार्थिमित्रहो, घाट चढण्यापेक्षां उतरणें कठीण, हें आपल्या जिल्ह्यांतील कोणीही जुना गाडीवान सांगेल. चंदनापुरीच्या घाटांत भरलेली गाडी आवरावयाची, ती चाकाला लावलेल्या ब्रेकानें व बैलांच्या पायांखालील जमिनीच्या आधारानें. परंतु जेथें चाकाखालीं रस्ता नाहीं, अडवावयास हवा नाहीं, व गाडीवर गाडीवानही नाहीं, तेथें गाडी कशी उतरवावी? भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनें, म्हणजे इस्रोनें, हा प्रश्न २३ ऑगस्ट २०२३ रोजीं सोडविला. त्या दिवशीं सायंकाळीं ६ वाजून ४ मिनिटांनीं 'चांद्रयान-३' चें 'विक्रम' हें यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत उतरलें, आणि कांहीं तासांनीं त्याच्या पोटांतून 'प्रज्ञान' नांवाची २६ किलो वजनाची, सहा चाकांची स्वयंचलित गाडी बाहेर पडली. हें कसें साधलें, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

पहिली अडचण वेगाची. उतरणीस आरंभ झाला तेव्हां यान सुमारें ३० किलोमीटर उंचीवर असून सेकंदास सुमारें १.७ किलोमीटर धांवत होतें. या वेगानें अहिल्यानगरहून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरहून, पुण्यास सव्वा मिनिटांत पोंचतां येईल! मंगळावर विरळ कां होईना, हवा आहे. म्हणून १८ फेब्रुवारी २०२१ रोजीं अमेरिकेची सुमारें एक टन वजनाची 'पर्सिव्हरन्स' गाडी तेथें उतरली, तेव्हां प्रथम हवेनें व हवाई छत्रीनें तिचा वेग कमी केला. चंद्रावर हवा जवळजवळ नाहींच. तेथें छत्री म्हणजे निव्वळ ओझें. इंजिनांचा झोत गतीच्या उलट दिशेस सोडून वेग मारणें, हा एकच उपाय. त्यांतही मेख अशी कीं, इंधन जळत जातें तसतसें यान हलकें होतें. झोत पहिल्याइतकाच राहिला, तर यान खालीं येण्याऐवजीं पुन्हां वर जावयाचें. म्हणून इंजिनांचा जोर क्षणोक्षणीं कमीअधिक करावा लागतो.

दुसरी अडचण अंतराची. येथून निघालेला रेडिओ-संदेश चंद्रावर पोंचावयास सव्वा सेकंद लागतो, व उत्तर येण्यास तितकाच. मंगळाच्या बाबतींत तर कित्येक मिनिटें जातात. खड्डा समोर आल्यावर विचारावयास वेळ कोठून मिळणार? म्हणून त्या सुमारें एकोणीस मिनिटांत सर्व निर्णय यानानेंच घेतले. उंची व वेग मोजणारीं उपकरणें आणि कॅमेरे हे त्याचे डोळे होते, व संगणक ही त्याची बुद्धि. सुमारें १५० मीटर उंचीवर तें अधांतरीं थांबलें, खालचे दगड व खड्डे त्यानें न्याहाळले, आणि मगच तें खालीं आलें.

हें यश पहिल्याच प्रयत्नांत मिळालें नव्हतें. ७ सप्टेंबर २०१९ रोजीं 'चांद्रयान-२' चें 'विक्रम' उतरतां उतरतां आदळून नष्ट झालें होतें. संशोधकांनीं त्या अपघाताची टिपणें तपासलीं. इंजिनांचा जोर अपेक्षेहून अधिक पडला, चुका सांचत गेल्या, व त्या सुधारण्यास यानाला पुरेसा अवसर मिळाला नाहीं, असें त्यांस आढळलें. मग त्यांनीं प्रश्नच बदलला. "सर्व कसें नीट चालेल?" असें न विचारतां "काय काय बिघडेल, आणि तरीही यान कसें उतरेल?" असें त्यांनीं विचारलें. पांच इंजिनांऐवजीं चार ठेविलीं, इंधन वाढविलें, वेग मोजणारें नवें लेसर-उपकरण बसविलें, सेकंदास तीन मीटर वेगानें टेकलें तरी सोसेल असे पाय बळकट केले. उतरण्याची जागा अर्धा किलोमीटर लांब व तितकीच रुंद होती, ती सुमारें चार किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद केली. उपकरणांची पारख हेलिकॉप्टरच्या साहाय्यानें झाली, इंजिनांची क्रेनला टांगून, व पायांची प्रत्यक्ष आपटून.

या कार्यांत आपल्या मुलुखाचाही हात आहे. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर भीमा नदी आहे. तिच्या पलीकडील इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर येथील कारखान्यानें यानाच्या अग्निबाणाचे अवजड भाग घडविले, व मुंबईच्या विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यानें अग्निबाणाचीं इंजिनें पुरविलीं. 'प्रज्ञान' चंद्रावर शंभर मीटरांहून थोडी अधिक चालली, तेथील मातींत गंधक असल्याचें तिनें दाखविलें, आणि चांद्ररात्र जवळ येतांच ती निद्रिस्त झाली. पुढें ती जागी झाली नाहीं.

पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलाचें गणित चुकलें म्हणजे केवळ उत्तरावरील फुली पाहूं नये. कोणत्या पायरीवर पाऊल घसरलें, तें त्याच्याजवळ बसून शोधावें. २०१९ च्या त्या आदळलेल्या यानाचीं टिपणें निराशेनें बाजूस ठेविलीं असतीं, तर २०२३ सालीं 'प्रज्ञान' च्या चाकांस चंद्राची माती लागली नसती.