हरला, तरी खेळात राहिला

ऑक्टोबर २०२३. आइल ऑफ मॅन या छोट्या बेटावर ग्रँड स्विस बुद्धिबळ स्पर्धा सुरू झाली. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी पहिल्याच फेरीत हरला. बाद पद्धत असती तर त्याच रात्री त्याला बॅग भरावी लागली असती. पण ११ फेऱ्या संपल्या तेव्हा ८.५ गुणांसह पहिला क्रमांक त्याचाच होता. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेचे दारही त्याच्यासाठी उघडले.

हे शक्य झाले स्पर्धेच्या रचनेमुळे. तिला ‘स्विस पद्धत’ म्हणतात. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली, म्हणून हे नाव.

अडचण साधी असते. खेळाडू ६४ आणि दिवस मोजके. साखळी पद्धतीत प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, म्हणजे ६३ फेऱ्या आणि २०१६ डाव. बाद पद्धतीत ६ फेऱ्यांत निकाल लागतो, पण पहिल्याच दिवशी ३२ जण घरी जातात. स्विस पद्धत या दोन्हींच्या मधली वाट काढते. फेऱ्या ठरावीक असतात, कुणी बाद होत नाही आणि प्रत्येक फेरीत शक्यतो समान गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात.

पहिल्या फेरीत मानांकनानुसार यादी करून ती मधोमध दुभागतात. पहिला खेळतो ३३व्याशी, दुसरा ३४व्याशी. पुढच्या फेरीत एक गुणवाले एका गटात, अर्धा गुणवाले दुसऱ्यात, शून्यवाले तिसऱ्यात. प्रत्येक गटाची पुन्हा तशीच विभागणी होते. गटात संख्या विषम झाली, तर एकाला खालच्या गटातला प्रतिस्पर्धी मिळतो. तीच जोडी पुन्हा लावत नाहीत. बुद्धिबळात पांढऱ्या-काळ्या सोंगट्यांचा समतोलही सांभाळतात. एकूण खेळाडूच विषम असतील, तर तळाच्या एकाला त्या फेरीत ‘बाय’ मिळतो, म्हणजे न खेळता गुण. मात्र एकाच खेळाडूला तो दोनदा मिळत नाही.

फेऱ्या किती ठेवाव्यात? दर फेरीला अपराजितांची संख्या साधारण निम्मी होते. म्हणून १६ जणांना किमान ४, ३२ ना ५, ६४ ना ६. एखाद-दोन फेऱ्या जास्त ठेवल्या, तर वरचे क्रमांक अधिक भरवशाचे ठरतात.

शेवटी अनेकांचे गुण समान असतात. मग ‘बुकोल्झ’ पाहतात, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज. बलवान प्रतिस्पर्ध्यांशी झुंजून मिळवलेल्या गुणांचे मोल इथे जास्त. म्हणूनच ‘सुरुवातीला मुद्दाम हरावे, पुढे सोपे प्रतिस्पर्धी मिळतील’ ही चलाखी अंगाशी येऊ शकते. सोप्या प्रतिस्पर्ध्यांची बेरीजही कमीच भरते.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. पहिला आणि शेवटचा क्रमांक बऱ्यापैकी खरा निघतो, मधले मात्र धूसर राहतात. आघाडीचे दोघे आधीच भिडलेले असतील, तर शेवटच्या फेरीत ‘अंतिम सामन्याचा’ थरार मिळत नाही. शिवाय एका फेरीचे सगळे निकाल आल्याशिवाय पुढच्या जोड्या लागत नाहीत. २०२४ पासून युरोपच्या चॅम्पियन्स लीग फुटबॉलमधील नव्या रचनेला ‘स्विस’ म्हटले जाते, पण तिथले सामने आधीच ठरलेले असतात. म्हणून ती खरी स्विस पद्धत नव्हे.

शाळा, महाविद्यालय किंवा गल्लीतल्या मंडळाने कॅरम-बुद्धिबळाची स्पर्धा भरवताना हिशेब सोपा ठेवावा. सहा-आठ खेळाडू असतील तर साखळी. प्रेक्षकांसाठी रंगतदार अंतिम सामना हवा असेल तर बाद. तीस-चाळीस नावे आली आणि हाताशी एक-दोनच दिवस असतील, तर स्विस. पहिल्यांदाच स्पर्धेत उतरलेल्या मुलाला पहिला डाव हरल्यावर टाळ्या वाजवत बसावे लागत नाही. पुढच्या फेरीत त्याच्यासमोर त्याच्याच तोडीचा कुणीतरी बसलेला असतो.