‘रशियन’ नसलेला कॅमेरा : कीवची लेन्स आणि तिची रुंद नजर

सोव्हिएत संघातून आलेल्या प्रत्येक वस्तूला ‘रशियन’ म्हणायची सवय आपल्याला पूर्वीपासून आहे. लोकवाङ्मय गृहात स्वस्तात मिळणारी, जाड पुठ्ठ्याची पुस्तके ‘रशियन पुस्तके’ होती; मग त्यांचा लेखक चिंगीझ ऐतमातोवसारखा किरगीझ का असेना. कॅमेऱ्यांचेही तेच झाले. जुन्या बाजारात ‘कीव्ह-८८’ किंवा ‘कीव्ह-६०’ निघाला की दुकानदार ‘रशियन हॅसलब्लाड’ म्हणून पुढे करतो. या दोन शब्दांत दोन चुका आहेत. हा कॅमेरा रशियात नव्हे, युक्रेनच्या राजधानीत बनला, आणि हे कॅमेऱ्याच्या नावातच लिहिलेले आहे. २०२२ च्या फेब्रुवारीनंतर ही चूक निरुपद्रवी राहिलेली नाही. दुसरी चूक ‘हॅसलब्लाड’ या शब्दात आहे. ती अर्धीच चूक आहे, म्हणून तिच्याकडे जास्त बारकाईने पाहावे लागते.

आधी ‘मध्यम आकार’ म्हणजे काय ते पाहू. घराघरांतल्या आग्फा क्लिक थ्रीमध्ये जो १२० चा रोल घालत, त्याच रोलवर हे कॅमेरे चालतात. एका रोलवर बारा फोटो, आणि प्रत्येक फोटो साधारण ५६ मिलिमीटर बाजूचा चौरस. पुढे सर्वत्र पसरलेल्या ३५ मिलिमीटर फिल्मचा चौकोन २४ बाय ३६ चा असतो. क्षेत्रफळ काढले तर १२० वरचा चौरस त्याच्या साडेतीन पटींहून मोठा भरतो. मोठी निगेटिव्ह म्हणजे कमी मोठवण आणि कमी दाणा. लग्नाच्या स्टुडिओवाल्यांनी यासाठीच १२० ला इतकी वर्षे सोडले नाही.

सोव्हिएत संघात या रोलवर चालणारे कॅमेरे पुष्कळ होते. लेनिनग्राडचा दोन डोळ्यांचा ‘ल्युबितेल’ सर्वांत स्वस्त. क्रास्नोगोर्स्कचे घडीचे ‘मोस्क्वा’ हे झाइसच्या सुपर इकोन्टावरून घेतलेले, आणि ‘इस्क्रा’ आग्फाच्या सुपर इझोलेटवरून. या सगळ्यांची लेन्स कॅमेऱ्यालाच जडलेली असे. ती बदलता येत नसल्याने रुंद कोनाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो उद्भवला कीवमध्ये.

कीवचा ‘आर्सेनल’ कारखाना १७६४ पासूनचा, मुळात तोफा-दारूगोळ्याचा. जानेवारी १९१८ मध्ये तिथल्या कामगारांनी उठाव केला. अलेक्सांद्र दोव्हझेन्को यांचा १९२९ चा ‘आर्सेनल’ हा मूकपट त्यावरच आहे. फिल्म सोसायट्यांच्या जुन्या सभासदांनी तो पाहिला असेल. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीकडून भरपाई म्हणून झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याची सामग्री कीवला आली आणि १९४७ पासून तोच कॅमेरा ‘कीव्ह’ या नावाने निघू लागला. पुढे १९५७ मध्ये ‘सल्यूत’ हा पहिला मध्यम आकाराचा एकभिंगी रिफ्लेक्स आला. (त्याच नावाचे अंतराळस्थानक १९७१ चे, म्हणजे कॅमेरा वयाने मोठा.)

सल्यूत दिसायला थेट स्वीडनच्या हॅसलब्लाड १६०० एफसारखा. तो कॅमेरा १९४८ चा. तोच चौकोनी ठोकळा, तशीच मागून काढता येणारी फिल्मची पेटी, वरून वाकून पाहायचे झाकण. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतरसुद्धा दोघांत तेच, ८२.१ मिलिमीटर. दोन्ही कॅमेरे एखाद्या जर्मन हवाई कॅमेऱ्यावरून स्वतंत्रपणे घेतले असावेत, असा बचाव काही जण करतात. मला तो पटत नाही. इतके साम्य योगायोगाने येत नाही. ठोकळा नकललेलाच आहे.

या नकलेबरोबर एक दुखणेही आले. १६०० एफचे शटर फिल्मच्या पुढ्यातच असलेल्या धातूच्या पातळ पडद्यांचे होते, आणि ते फार नाजूक होते. हॅसलब्लाडने ते सोडून १९५७ च्या ५०० सी पासून शटर प्रत्येक लेन्समध्येच बसवले. त्याच साली निघालेल्या सल्यूतने मात्र पडदा ठेवला. पुढे सल्यूत-एस आणि कीव्ह-८८ पर्यंत तोच राहिला. वापरणाऱ्यांचा नियम ठरलेला : आधी चावी फिरवून शटर ताणायचे, मग वेग बदलायचा. उलट केले तर आतली यंत्रणा बिघडते. फ्लॅश सेकंदाच्या तिसाव्या भागापेक्षा वेगाने जुळत नाही, तर स्वीडिश कॅमेऱ्यात तो पाचशेव्या भागापर्यंत चालतो. पण एक फायदा कुणी मोजत नाही. शटर कॅमेऱ्यात राहिल्यामुळे कीवच्या लेन्समध्ये काच, छिद्र आणि नळी एवढेच उरले. त्या स्वस्त झाल्या, आणि काच आखणाऱ्याला शटरच्या अरुंद गळ्याची अट पाळावी लागली नाही.

दुसरे घराणे ड्रेस्डेनच्या पेन्टाकॉन सिक्सचे. १९७१ चा कीव्ह-६एस आणि १९८४ चा कीव्ह-६० हे आडवे, फुगवलेल्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासारखे आहेत. त्यांची बैठक पेन्टाकॉनची असल्याने जेनाच्या झाइस लेन्स त्यांवर आणि कीवच्या लेन्स पेन्टाकॉनवर बसतात.

आता रुंद कोनाची अडचण. या चौरसाचा कर्ण सुमारे ७९ मिलिमीटर, म्हणून ८० मिलिमीटर फोकल लेंग्थची, म्हणजे तेवढ्या नाभीय अंतराची लेन्स ‘नेहमीची’ समजली जाते. वाड्याचा अख्खा चौक एका फोटोत बसवायचा तर ४५ ची हवी. शाळेतले साधे बहिर्गोल भिंग आठवा : ४५ मिलिमीटरचे भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा ४५ मिलिमीटरवरच उमटवते, म्हणजे ते फिल्मपासून तेवढ्याच अंतरावर असायला हवे. पण रिफ्लेक्स कॅमेऱ्यात मध्ये मोठा आरसा वरखाली होतो. पेन्टाकॉनच्या बैठकीपासून फिल्म ७४ मिलिमीटरवर आहे, सल्यूतच्या ८२ वर. लेन्स आत ढकलली तर आरसा तिच्यावर आपटेल.

यावरचा तोडगा उलट्या दुर्बिणीसारखा आहे. पुढे मोठे अंतर्गोल भिंग लावायचे. ते किरणांना आधी फाकवते, मग मागचा बहिर्गोल गट त्यांना गोळा करतो. त्यामुळे प्रतिमा लेन्सच्या पाठीमागे बरीच दूर उमटते, तरी दृश्याचा कोन ४५ मिलिमीटरचाच राहतो. फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी अशी लेन्स ‘रेट्रोफोकस’ नावाने आणली, आणि पुढे ते नाव या सगळ्या जातीलाच चिकटले. जेनाची फ्लेक्टोगॉन त्याच सुमाराची. किंमत मात्र मोजावी लागते. पुढची काच ताटलीएवढी होते, वजन वाढते, भिंगांची संख्या वाढते. समजा, सात सुट्या गटांची लेन्स आहे. म्हणजे हवा आणि काच यांच्या चौदा सीमा झाल्या. लेप नसलेल्या प्रत्येक सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश परततो. चौदांचा हिशेब केला तर जवळपास ४४ टक्के प्रकाश फिल्मवर प्रतिमा म्हणून पोहोचतच नाही, आणि त्यातला काही आत भटकून सावल्यांवर धुके पसरवतो. लेन्सवर रशियन लिपीतली ‘एमसी’ ही अक्षरे, म्हणजे अनेक पदरी लेप, दिसली की म्हणूनच किंमत वाढते.

कीवच्या रुंद लेन्स बहुतेक ‘मीर’ घराण्यातल्या. मीर म्हणजे शांतता आणि मीर म्हणजे जगही. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची विज्ञानाची पुस्तके वाचलेल्यांना हा शब्द परका नाही. घराण्यातली थोरली, ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठीची मीर-१, फ्लेक्टोगॉनवरून बेतलेली. १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात तिला मोठे पारितोषिक मिळाले आणि ते तिच्या कडेवर कोरूनच ती विकली गेली. मध्यम आकारासाठी ६५ मिलिमीटरच्या मीर-३ आणि मीर-३८, आणि ४५ ची मीर-२६ निघाल्या. मीर-२६ चा कोन ८३ अंश आहे आणि तिच्या तोंडाला ८२ मिलिमीटरचे फिल्टर लागते. याच्याही पुढे ३० मिलिमीटरची ‘झोदियाक-८’, जी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८० अंश पाहते आणि सरळ रेषा वाकवते. तिच्या पुढच्या फुगीर काचेवर फिल्टर बसूच शकत नाही, म्हणून ते मागच्या बाजूला लागते, आणि ते काढून ठेवता येत नाही, कारण ते त्या रचनेचाच एक भाग आहे.

इथे मूळ प्रश्नाकडे येतो. पेन्टाकॉनच्या बैठकीसाठी जेनाच्या झाइसने विकलेली सर्वांत रुंद लेन्स ५० मिलिमीटरची होती. कीवने ४५ दिली आणि ३० ही दिली. ठोकळा नकललेला असेल. पण या बैठकीवर शिक्षकाच्या पुढे पाऊल टाकणाऱ्या लेन्सला नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आणि उसनवारी एकाच दिशेने झाली असेही नाही. लेनिनग्राडचे मिखाइल रुसिनोव हवाई नकाशांसाठी रुंद लेन्स आखत. दोन्ही टोकांना मोठी अंतर्गोल भिंगे असलेली जवळजवळ सममित रचना त्यांनी मांडली आणि १९४६ मध्ये तिचे पेटंट झाले. लुडविग बर्टेले यांच्या अॅव्हिओगॉन आणि बायोगॉन या लेन्स त्याच वाटेने पुढे गेल्या. आरसा नसलेल्या हॅसलब्लाड सुपरवाइडची ३८ मिलिमीटर बायोगॉन, जिचे छायाचित्रकार आजही गोडवे गातात, ती याच कुळातली. ‘रशियन हॅसलब्लाड’ म्हणून हसणाऱ्याने स्वीडिश ठोकळ्यापुढच्या त्या काचेचा वंशवृक्षही पाहावा.

आता दोष. ते लपवण्यात अर्थ नाही. आर्सेनलचे मुख्य काम लष्करी प्रकाशयंत्रांचे; कॅमेरे म्हणजे जनतेसाठीचा माल. एकाच नावाच्या दोन लेन्सपैकी एक धारदार, तर दुसरीची भिंगे अक्षापासून सरकलेली, असे घडे. कीव्ह-६० मध्ये फोटो एकमेकांवर चढतात, ८८ च्या पेटीतून प्रकाश झिरपतो. आरशाच्या खोलीच्या भिंती चमकतात, म्हणून वापरणारे आतून काळी मखमल चिकटवतात, आणि मीर-२६ ने आकाशाकडे तोंड केले की त्या मखमलीचा उपयोग कळतो. नळीतले जुने वंगण गोंदासारखे घट्ट होते. कोकणातल्या पावसाळ्यात या मोठ्या काचांवर बुरशीही लवकर चढते, पण त्यात कीवचा काही दोष नाही.

सोव्हिएत संघ संपल्यावरही स्वतंत्र युक्रेनमध्ये उत्पादन चालू राहिले. लेन्सवर ‘आर्सात’ हे नवे नाव आले. हार्टब्लाय आणि आराक्स यांसारख्या कीवच्या छोट्या कार्यशाळांनी कारखान्याचे कॅमेरे उघडून, दुरुस्त करून, आतून काळे करून विकले. कीव्ह-८८ सीएम या शेवटच्या रूपांपैकी एकाला पेन्टाकॉनची बैठक मिळाली आणि दोन घराण्यांमधली भिंत पडली. त्याआधीच्या लेन्स मात्र वेगळ्याच राहिल्या, आणि कोणती कशावर बसेल हे नावामागच्या एका अक्षरावर ठरते : रशियन लिपीतला ‘ब’, जो थोडासा इंग्रजी सहासारखा दिसतो, असेल तर ती पेन्टाकॉन आणि कीव्ह-६० ची, इंग्रजी बीसारखे दिसणारे पण ‘व’ असे वाचायचे अक्षर असेल तर सल्यूत आणि जुन्या कीव्ह-८८ ची. क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा निर्मितीचे साल सांगतात. विकणाऱ्यांना हे माहीत असतेच असे नाही, तेव्हा घेणाऱ्याने झाकण काढून कडेवरची अक्षरे स्वतः वाचावीत.