पाच लाखांची गर्दी आणि सहा गावांची वही

दीर्घकालीन आजारांच्या संशोधनाचा आढावा म्हटला की सुरुवात फ्रॅमिंगहॅमच्या आरतीने करायची, असा रिवाजच पडला आहे. साल १९४८, अमेरिकेतले एक शहर, हृदयविकाराचा माग काढण्यासाठी वर्षानुवर्षे तपासलेले ५,२०९ स्त्री-पुरुष. पुढे ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी डॉक्टरांच्याच सिगारेटी मोजल्या, कीज हे संशोधक आहार आणि हृदयविकाराचे नाते शोधत सात देश धुंडाळून आले. हे सारे थोर आहे आणि वाचकांना पाठही आहे. पण या थोरांनी माणसाला बहुधा गाठले ते तो कर्ता झाल्यावर. तोवर पुष्कळ काही घडून गेलेले असते. किती माणसे पाहिली यापेक्षा कधीपासून पाहिली याला या शास्त्रात अधिक मोल आहे, हा माझा जुना हेका आहे आणि तो सोडावा असे अजून काही घडलेले नाही.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली नवजात बाळांची वजने वहीत चढत. बाळ वर्षाचे झाले की पुन्हा तोलले जाई. त्या वह्या पुढे संशोधक डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. १९८९मध्ये त्यांनी ५,६५४ पुरुषांचा हिशेब मांडला, तेव्हा जन्मतः आणि वर्षाचे असताना जे हलके होते, ते हृदयविकाराने अधिक दगावल्याचे दिसले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी आणखी मागे गेले. १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांची नोंद दिवस राहण्याआधीच होऊ लागली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. दंड बारीक, पोट बारीक. पण खांद्याच्या पात्याखालची कातडी कॅलिपरच्या चिमटीत धरली, तर घडी त्या मानाने चांगली जाड. पाप्याचे पितर दिसणारे हे मूल चरबी मात्र राखून जन्मते. २००४मध्ये याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेच शरीर पुराव्याला दिले: दोघांचा देहभार निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. उंची-वजनाच्या तक्त्यावर विसंबणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर टांगावेत. त्या सहा गावांतल्या मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला सर्वाधिक विरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी पायरी, आढळला. मधुमेहाला निव्वळ ‘श्रीमंतांचा आजार’ म्हणणे तिथेच संपायला हवे होते.

आजाराची मुळे गर्भातल्या पोषणात असतात, या म्हणण्यावरचे आक्षेप ठरलेले आहेत. एक असा, की दोष गर्भातल्या पोषणाचा नसून जनुकांचा. तीच जनुके बाळ लहान ठेवतात आणि पुढे साखर वाढवतात. काही जनुकांबाबत हे खरेही आहे. पण १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, तो जनुके पाहून पडला नव्हता. त्या काळात पोटात असलेल्यांची साखर पन्नाशीत अधिक बिघडलेली आढळली. दुसरा आक्षेप आकाराचा: पाच लाख माणसांच्या रक्ताचे नमुने आणि आरोग्याच्या नोंदी साठवणाऱ्या ब्रिटनच्या यूके बायोबँकपुढे सहा गावे ती काय? पण त्या पाच लाखांसाठी ज्यांना बोलावले, त्यांतले जेमतेम साडेपाच टक्के आले. जे आले ते इतरांहून निरोगी, आणि वय चाळिशीपुढचे. आईच्या ताटात पालेभाजी किती होती, हे त्यांच्या रक्ताच्या नळीतून कसे कळावे? अशा साठ्यांचा उपयोग मी नाकारत नाही. पण संगणकात आकडे ओतले की कारणे आपोआप वर येतात, असे मानणाऱ्या आमच्या काही विद्वान मित्रांना गावोगाव काटा घेऊन फिरणारी माणसे कारकून वाटतात, हे दुखणे आहे.

आणि त्या काट्याचीच आज आबाळ आहे. २०२३मध्ये देशव्यापी पाहणीने मधुमेही १० कोटींवर असल्याचे सांगितले. त्यांतल्या कितीजणांचे जन्मवजन कुठे लिहिलेले सापडेल? आपल्याकडच्या नोंदींत बाळे २,५०० आणि ३,००० ग्रॅमवर संशयास्पद गर्दी करतात. म्हणजे काटा कोणी नीट वाचलेलाच नाही. घरात बाळंतपण असेल, तर काट्यावर दिसलेला आकडा ग्रॅममध्ये, जसाच्या तसा लिहून घ्या, आणि तो कागद रद्दीत जाऊ देऊ नका.